व्हित्तोरियो दे सिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बायसिकल थीव्ज' पाहून झाला की दिग्दर्शकाबद्दल साधारण हेच प्रश्न निघतात. काहींना एक ओळ पुरते, काहींना पुरत नाही, त्यामुळे उत्तरं कमीजास्त लांबीची आहेत.

दे सिका कोण होता, थोडक्यात सांगा.

इटलीचा नट आणि दिग्दर्शक. जन्म ७ जुलै १९०१, रोमच्या आग्नेयेला असलेल्या सोरा या गावी. वडील उम्बेर्तो बँकेत कारकून, घरची परिस्थिती ओढगस्तीची. लहानपणीचा काही काळ नेपल्समध्ये गेला आणि पुढे आयुष्यभर तो स्वतःला नेपल्सचाच समजत राहिला. दिग्दर्शक म्हणून तीसेक चित्रपट, नट म्हणून त्याच्या कितीतरी पट जास्त. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पॅरिसला लागून असलेल्या न्यूई-स्युर-सेन इथे फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. दफन रोमच्या व्हेरानो स्मशानभूमीत.

नववास्तववाद म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून साधारण १९५२ पर्यंत इटलीत जे चित्रपट निघाले, त्यांच्यातल्या, खऱ्या रस्त्यांवर गरिबांच्या गोष्टी सांगणाऱ्या एका गटाला हे नाव मिळालं. त्याआधी मुसोलिनीच्या राजवटीत तिथले बरेच चित्रपट श्रीमंतांच्या दिवाणखान्यात घडायचे. त्या दिवाणखान्यांत हमखास पांढरा टेलिफोन असायचा, म्हणून त्यांना 'पांढऱ्या टेलिफोनचे चित्रपट' असंच म्हणत. युद्ध संपलं तेव्हा रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती, कच्ची फिल्म मिळत नव्हती, पैसा नव्हता. कॅमेरा रस्त्यावर आला तो काही अंशी या नाइलाजापोटी.

पण नुसत्या नाइलाजातून चळवळ उभी राहत नाही. वीस वर्षं पडद्यावर जे दाखवायला बंदी होती ते, म्हणजे बेकारी, भूक, घरांची टंचाई, काळाबाजार, आता दाखवता येणार होतं. दिग्दर्शक रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' १९४५ चा, दे सिकाचा 'शूशाईन' १९४६ चा, विस्कोंतीचा 'ला तेर्रा त्रेमा' १९४८ चा. या मंडळींनी एकत्र बसून काही जाहीरनामा वगैरे काढला नव्हता. एकमेकांचे चित्रपट त्यांना आवडायचेच असंही नाही.

तो आधी गुलछबू नायक होता, हे खरं का?

अगदी खरं, आणि दे सिका समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. १९२३ मध्ये तो तात्याना पाव्हलोव्हाच्या नाटक कंपनीत शिरला. १९३२ साली मारियो कामेरिनीच्या 'ली उओमिनी, के मास्काल्झोनी!' या हलक्याफुलक्या चित्रपटात मिलानमधल्या एका ड्रायव्हरचं काम त्याने केलं आणि त्यातलं 'पार्लामी दामोरे मारिऊ' हे गाणं इटलीभर गाजलं. देखणा, गोड गळ्याचा, बायकांचा लाडका. १९४० मध्ये दिग्दर्शनात उतरला तेव्हाही पहिले काही चित्रपट विनोदी आणि चुणचुणीतच होते.

गरिबांची गोष्ट सांगणारा माणूस स्वतः रंगमंचावरचा छेलछबिला असावा, हे आपल्या पचनी पडत नाही. आपल्याला फाटक्या कोटातला तपस्वी हवा असतो. माझं मत उलट आहे. कुठल्या वाक्याला मान किती वळवायची आणि कुठे थांबायचं, याची समज त्याला वीस वर्षांच्या नटगिरीने दिली. कारखान्यातल्या कामगाराकडून तो जे करून घेऊ शकला ते या समजेच्या बळावर. नववास्तववाद्यांतला हा सगळ्यात नाटकी माणूस, आणि सगळ्यात 'खरी' वाटणारी माणसं त्याच्याच चित्रपटांत आहेत.

झावत्तिनी हे नाव सारखं का येतं?

कारण निम्मा दे सिका म्हणजे चेझारे झावत्तिनी. १९०२ साली पो नदीकाठच्या लुझ्झारा गावात जन्मलेला हा लेखक. 'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस' या युद्धकाळातल्या चित्रपटापासून दोघांची जोडी जमली ती १९७३ च्या 'अ ब्रीफ व्हेकेशन'पर्यंत टिकली. कथानकाच्या गुंत्यावर झावत्तिनीचा राग होता. ज्याच्या आयुष्यात काहीच घडत नाही अशा माणसाची सलग नव्वद मिनिटं दाखवणारा चित्रपट निघावा, हे त्याचं स्वप्न. माणसाच्या मागे मागे चालत राहायचं, तो काय करतो ते बघायचं, बस्स.

दे सिका त्याच्याइतका कडवा नव्हता. त्याला प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणायला आवडायचं आणि ते कसं आणायचं हे पक्कं माहीत होतं. या ओढाताणीचा फायदा चित्रपटांना झाला.

'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस' कशाबद्दल आहे?

आई दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून जाते, बाप खचतो, आणि हे सगळं प्रिको नावाचं चार-पाच वर्षांचं पोर बघत असतं. शेवटच्या प्रसंगात आई त्याला भेटायला वसतिगृहात येते. तो तिच्याकडे पाहतो, पाठ फिरवतो आणि त्या प्रचंड दालनातून चालत निघून जातो. दे सिकाच्या मोठ्या चित्रपटांचं बीज या पाठमोऱ्या चालण्यात आहे. मोठ्यांचा हिशेब मुलं मनातल्या मनात मांडत असतात, ही गोष्ट त्याने पुढे पुन्हा पुन्हा सांगितली.

युद्धाच्या काळात त्याने लोकांना चर्चमध्ये लपवलं होतं, ही दंतकथा आहे का?

नाही. रोम जर्मनांच्या ताब्यात असताना तो 'ला पोर्ता देल चेलो' नावाचा चित्रपट करत होता. कॅथलिक संस्थेच्या पैशाने निघालेली, लोरेतोच्या यात्रेला आगगाडीने निघालेल्या रुग्णांची ही गोष्ट. चित्रीकरण सेंट पॉलच्या बॅसिलिकात चाललं होतं. तिथे गर्दीतले नट आणि कामगार म्हणून ज्यांना आत घेतलं होतं, त्यांत धरपकडीपासून लपणारे कितीतरी जण होते, ज्यूसुद्धा. म्हणून दे सिकाने चित्रीकरण मुद्दाम लांबवलं. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा रोममध्ये शिरेपर्यंत ते चालूच राहिलं. शिवाय हाती काम असल्यामुळे उत्तरेकडे फॅसिस्टांच्या नव्या चित्रपट-केंद्रात जायचं निमंत्रण त्याला टाळता आलं. चित्रपट म्हणून तो फारसा कुणाच्या लक्षात नाही.

'शूशाईन'मध्ये एवढं काय आहे?

अमेरिकन सैनिकांचे बूट पुसणारी रोमच्या रस्त्यावरची दोन पोरं, पास्क्वाले आणि ज्युसेप्पे. पैसे साठवून त्यांना एक पांढरा घोडा घ्यायचा आहे. चोरीच्या अमेरिकन ब्लँकेटांच्या व्यवहारात ती अडकतात आणि बालतुरुंगात जातात.

या तुरुंगातला एक प्रसंग मी कधी विसरलो नाही. पास्क्वालेकडून मोठ्यांची नावं वदवून घ्यायची आहेत. शेजारच्या खोलीतून ज्युसेप्पेला पट्ट्याने फोडून काढल्याचा आवाज येतो, किंचाळ्या ऐकू येतात. मित्राला वाचवायला पास्क्वाले नावं सांगून टाकतो. कॅमेरा पलीकडे नेऊन दे सिका आपल्याला दाखवतो: शिपाई एका पोत्यावर पट्टा ओढतोय आणि दुसरंच कुणी पोर ओरडायचं काम करतंय. ज्युसेप्पेला कुणी हातही लावलेला नाही. त्याला मात्र एवढंच कळतं की मित्राने तोंड उघडलं. मैत्री इथे तुटते ती जोडली जात नाही. गंमत अशी की हा प्रसंग मुळात नाटकच आहे: पडद्यामागचा आवाज, खोटा मार, फसलेला प्रेक्षक. नटाच्या डोक्यातूनच हे निघू शकतं.

इटलीत चित्रपट पडला. अमेरिकेत मात्र त्याला १९४७ सालासाठीचा ऑस्करचा खास सन्मान मिळाला. परभाषेतल्या चित्रपटांसाठी तेव्हा वेगळा पुरस्कारच नव्हता.

'बायसिकल थीव्ज'ची गोष्ट एवढी साधी असताना तो इतका मोठा का मानतात?

गोष्ट खरंच दोन ओळींची आहे. अंतोनियो रिच्ची या बेकार माणसाला भिंतीवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, अट एकच, सायकल हवी. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते आणि रविवारचा सगळा दिवस तो आपल्या ब्रुनो नावाच्या मुलाला घेऊन ती शोधत फिरतो.

पण सायकल गहाणातून सोडवण्याचा प्रसंग पाहा. बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि गहाणवट्यात नेऊन देते. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन आत जातो, आणि आपल्याला दिसतात छतापर्यंत गेलेल्या फळ्या, एकावर एक, सगळ्या अशाच गाठोड्यांनी भरलेल्या. तो शिडीसारखा त्यांवर चढत वर वर जातो. रोममधल्या किती घरांत लोक बिनचादरीचे झोपतायत हे सांगायला एकही संवाद लागत नाही.

मग सायकल जाते, आणि रिच्ची एकेक दार ठोठावतो. पोलीस तक्रार लिहून घेतात आणि म्हणतात, शोधा तुम्हीच. पक्षाच्या तळघरात मित्र मदत करतो खरा, पण तिथे एका बाजूला बेकारीवर चर्चा आणि दुसऱ्या बाजूला करमणुकीच्या कार्यक्रमाची तालीम चालू आहे. चर्चमध्ये गरिबांना दाढी करून मिळते आणि सूप मिळतं, पण आधी प्रार्थना. ज्या भविष्य सांगणाऱ्या बाईला बायको पैसे देऊन आली म्हणून तो चिडला होता, तिच्याच दारात शेवटी जाऊन बसतो. कुणीच खलनायक नाही. चोरसुद्धा सापडतो तो फिट येणारा, त्याच्यासारखाच दरिद्री पोरगा. प्रत्येकाकडे आपापलं कारण आहे आणि सायकल कुणाकडेच नाही.

शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना फुटबॉलच्या मैदानाबाहेर ओळीने लावलेल्या शेकडो सायकली आठवत असतील.

त्यातले लोक खरंच नट नव्हते?

नव्हते. लाम्बेर्तो माज्जोरानी ब्रेडा कारखान्यात कामगार होता. तो आपल्या मुलाला निवडीसाठी घेऊन आला होता, आणि दे सिकाची नजर पोराऐवजी बापावर गेली. मारियाचं काम करणारी लियानेल्ला कारेल पत्रकार. ब्रुनो झालेला एन्झो स्तायोला चित्रीकरण बघायला जमलेल्या गर्दीत सापडला. बापाच्या ढांगांबरोबर दुडदुडणारी त्याची चाल हा चित्रपटाचा अर्धा जीव आहे.

पण 'कॅमेरा लावला आणि माणसं जगली तशी टिपली' हा मोठा गैरसमज आहे. आवाज इटालियन रीतीप्रमाणे नंतर स्टुडिओत भरलेला आहे. पटकथेवर झावत्तिनी, सुझो चेक्की दामिको वगैरे अनेकांनी महिनोन्‌महिने काम केलं. बाजारातला प्रचंड पाऊस आकाशातून आलेला नाही, तो पाडलेला आहे. त्या पावसात आडोशाला उभ्या असलेल्या जर्मन बोलणाऱ्या तरुण धर्मशिक्षार्थींमध्ये सर्जिओ लिओने आहे. हो, पुढे काउबॉयपट काढणारा तोच. आणि रडणं? छोट्या स्तायोलाच्या खिशात दे सिकाने सिगरेटची थोटकं घातली आणि 'थोटकं गोळा करतोस होय रे' म्हणत सगळ्यांसमोर त्याची फजिती केली, तेव्हा पोर रडलं. एत्तोरे स्कोलाच्या 'वी ऑल लव्ह्ड ईच अदर सो मच' या चित्रपटात खुद्द दे सिका हे रंगवून सांगताना दिसतो. आज कुणी असं केलं तर पालक पोलिसांत जातील, आणि जावंच.

मग माज्जोरानीचं पुढे काय झालं?

वाईट झालं. कारखान्यात परतला तर काही काळाने नोकरी गेली. आता तू नट झालास, पैसेवाला झालास, असा लोकांचा समज. चित्रपटांत छोटी कामं मिळाली, पण त्या चेहऱ्याला दुसरा रिच्ची पुन्हा मिळाला नाही. जगातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा नायक पुन्हा बेकार झाला. दे सिकाचं यश बघताना हा हिशेबही बाजूला ठेवता येत नाही. स्तायोलाने थोडेफार चित्रपट केले आणि पुढे गणिताचा शिक्षक झाला.

कॅरी ग्रँट रिच्ची होणार होता म्हणतात?

हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, अट हीच. दे सिकाने उलट हेन्री फोंडाचं नाव सुचवलं. ते सेल्झनिकला पटलं नाही आणि व्यवहार मोडला. पैसे शेवटी इटलीतच जमवले.

अमेरिकेत त्यावर आक्षेप आला होता का?

आला होता, आणि कशावर, तर ब्रुनो भिंतीपाशी लघवीला उभा राहतो (होतही नाही, बाप हाक मारतो) आणि चोराचा पाठलाग एका कुंटणखान्यात शिरतो, यावर. हे दोन तुकडे काढा, असं हॉलिवूडचे परवानगी देणारे म्हणाले. काढले नाहीत. हॉलिवूडच्या परवानगीच्या शिक्क्याशिवायच तो दाखवला गेला आणि वर ऑस्करचा खास सन्मानही घेऊन गेला. १९५२ साली 'साईट अँड साऊंड' या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांचा पहिला कौल घेतला, त्यात पहिला क्रमांक याचाच होता.

'मिरॅकल इन मिलान'मध्ये माणसं झाडूवर बसून उडतात. हा कसला वास्तववाद?

झोपडपट्टीतल्या लोकांना जमिनीवर जागा उरली नाही, म्हणून ते उडाले. परीकथा आहे, आणि कल्पना झावत्तिनीचीच. १९५१ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. डाव्यांना ती पळवाट वाटली, उजव्यांना ती साम्यवादी वाटली.

'उम्बेर्तो डी.'वर सरकार का चिडलं?

निवृत्त सरकारी नोकर उम्बेर्तो दोमेनिको फेर्रारी, त्याचा फ्लाईक नावाचा कुत्रा आणि थकलेलं भाडं. घरमालकीण त्याला काढायच्या मागे आहे. तो बाहेर गेला की त्याची खोली ती तासाच्या हिशेबाने जोडप्यांना देते. चित्रपट सुरू होतो तोच पेन्शनवाढीसाठी निघालेल्या म्हाताऱ्यांच्या मोर्चाने, आणि पोलिसांच्या गाड्या तो मोर्चा पांगवतात. १९५२ साली, देश सावरतोय असं जगाला सांगायची घाई असताना, हे सरकारला कसं रुचणार? तेव्हा करमणूक खातं सांभाळणारे तरुण उपमंत्री ज्युलिओ आंद्रेओत्ती, पुढे अनेकदा पंतप्रधान झालेले, यांनी उघड पत्र लिहून दे सिकाची कानउघाडणी केली. मतितार्थ असा की घरचं उणं असं वेशीवर टांगून तुम्ही देशाची वाईट सेवा करताय. नव्या कायद्याने सरकारी मदत आणि निर्यातीची परवानगी याच खात्याच्या हातात होती, त्यामुळे हा उपदेश पुरेसा बोलका होता.

प्रेक्षकही आले नाहीत. दे सिकाचा मात्र हा सगळ्यात लाडका चित्रपट. वडिलांचं नाव उम्बेर्तो, आणि अर्पणही त्यांनाच. नायकाचं काम करणारे कार्लो बात्तिस्ती फ्लोरेन्स विद्यापीठात भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्यातला स्वयंपाकघरातला प्रसंग अभ्यासक्रमात का दाखवतात?

पहाट. घरातली मोलकरीण मारिया उठते. कॉलेजातल्या मुलीएवढी असेल, पोटुशी आहे, आणि दोन सैनिकांपैकी मूल कुणाचं हे तिला नक्की सांगता येत नाही. ती झोपेत चालल्यासारखी स्वयंपाकघरात येते. काडी ओढते. वर काचेच्या छपरावरून चालणाऱ्या मांजराकडे बघते. भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते. भांड्यात पाणी भरते. एकदा खाली स्वतःच्या पोटाकडे पाहते. मग कॉफी दळायचं यंत्र मांडीत धरून बसते, दळता दळता पाय लांबवून अंगठ्याने दार लोटायचा प्रयत्न करते, आणि तेव्हा कळतं की डोळ्यांतून पाणी वाहतंय.

काहीच घडलेलं नाही. झावत्तिनीचं ते नव्वद मिनिटांचं स्वप्न या काही मिनिटांत खरं झालं. पण त्या अंगठ्याकडे नीट पाहा. लांबवलेला पाय आणि दार यांच्यातलं ते अंतर, ती धडपड, हा दिग्दर्शकाने बसवलेला अभिनय आहे. तसाच दुसरा क्षण: म्हातारा भीक मागायला हात पसरतो, कुणी खरंच नाणं द्यायला थांबतो, तसा तो तळहात झटकन उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघत होता. ही हालचाल रस्त्यावर 'टिपलेली' नाही.

तो साम्यवादी होता का?

झावत्तिनी डाव्या विचारांचा होता. दे सिकाला माणसांचा कळवळा होता, पक्षाचा नाही.

जुगाराचं आणि दोन संसारांचं काय ते?

दोन्ही खरं. जुगार हे त्याचं आयुष्यभराचं व्यसन. कॅसिनोत कमाई उडायची, मग मिळेल त्या चित्रपटात काम करून ती भरून काढायची. पन्नाशीच्या दशकातल्या त्याच्या असंख्य भूमिकांचं गुपित बव्हंशी हेच. 'द गोल्ड ऑफ नेपल्स'मध्ये त्याने स्वतःच एका जुगारी उमरावाचं काम केलंय. बायकोने पैसे बंद केलेले, म्हणून हा इमारतीच्या दरवानाच्या पोराबरोबर पत्ते खेळतो, आणि हरतो, आणि पोराला सोडत नाही. स्वतःची इतकी निर्दय टिंगल मी फार कमी जणांना करताना पाहिली आहे.

संसार असे: पहिली बायको अभिनेत्री ज्युदित्ता रिस्सोने, तिच्यापासून मुलगी एमी. १९४२ मध्ये स्पॅनिश अभिनेत्री मारिया मेर्कादेरशी ओळख झाली, तिच्यापासून दोन मुलगे, मानुएल आणि क्रिस्तियन. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. परदेशातला घटस्फोट आणि मेक्सिकोतलं लग्न इटलीत मानलं गेलं नाही. शेवटी फ्रेंच नागरिकत्व घेऊन १९६८ साली पॅरिसमध्ये लग्न केलं. तोवर तो दोन्ही घरी बाप म्हणून हजर राहायची कसरत करत होता. नववर्षाच्या रात्री दोन्हीकडे बारा वाजता पेला उंचावता यावा म्हणून एका घरातलं घड्याळ मागे केलं जायचं, ही आठवण घरच्यांनीच सांगितलेली आहे. हसू येतं, पण त्या दोन बायकांच्या जागी उभं राहून पाहिलं तर तितकंसं येत नाही.

पुढे तो 'विकला गेला' हा आरोप कितपत खरा?

थोडा खरा. सोफिया लोरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांना घेऊन केलेले 'येस्टर्डे, टुडे अँड टुमारो' (१९६३) आणि 'मॅरेज इटालियन स्टाईल' (१९६४) हे खणखणीत धंद्याचे चित्रपट आहेत. पण लोरेनमधली नटी त्यानेच ओळखली. 'टू विमेन'मध्ये (१९६०) आईचं काम आन्ना मान्यानीने आणि मुलीचं लोरेनने करायचं ठरत होतं. मान्यानी बाहेर पडली आणि पंचविशीतली लोरेन आई झाली. युद्धातल्या बलात्कारानंतर रस्त्यावर बसून आक्रोश करणारी ती बाई पाहून 'सुंदर नटी' हे शब्द कुणाच्या मनात येणार नाहीत. परभाषेतल्या भूमिकेसाठी अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली.

आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर 'द गार्डन ऑफ द फिन्झी-कोन्तिनिस' (१९७०). फेर्रारा शहरातलं श्रीमंत ज्यू कुटुंब आपल्या बागेच्या भिंतीआड टेनिस खेळत राहतं आणि बाहेर वंशभेदाचे कायदे एकेक दार बंद करत जातात. बर्लिन महोत्सवात गोल्डन बेअर, पुढे ऑस्कर. संगीत मुलाचं, मानुएलचं.

एकूण ऑस्कर किती?

चार चित्रपटांना. 'शूशाईन' आणि 'बायसिकल थीव्ज' यांना खास सन्मान म्हणून, 'येस्टर्डे, टुडे अँड टुमारो' आणि 'फिन्झी-कोन्तिनिस' यांना परभाषेतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून. शिवाय 'अ फेअरवेल टू आर्म्स'मधल्या (१९५७) भूमिकेसाठी सहायक नटाचं नामांकन. ते विसरलं जातं.

नट म्हणून त्याचा कोणता चित्रपट पाहावा?

रोसेलिनीचा 'जनरल देल्ला रोव्हेरे' (१९५९). जर्मनांच्या अमलात लोकांच्या असहायतेवर पैसे उकळणारा एक जुगारी भामटा, ज्याला तुरुंगात एका शूर सेनापतीचं सोंग घ्यावं लागतं. सोंग हळूहळू अंगात भिनतं. भूमिका जणू त्याच्यासाठीच बेतलेली.

भारताशी त्याचा काय संबंध?

सत्यजित राय १९५० मध्ये जाहिरात कंपनीच्या कामासाठी लंडनला होते, तिथे त्यांनी 'बायसिकल थीव्ज' पाहिला आणि 'पथेर पांचाली' अशाच पद्धतीने करायचा निश्चय केला, हे सर्वज्ञात आहे. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची तारीख २४ जानेवारी १९५२. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्या दिवशी मुंबईत सुरू झाला, आणि त्यात 'बायसिकल थीव्ज', 'मिरॅकल इन मिलान' आणि 'रोम, ओपन सिटी' दाखवले गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या मंडळींनी हे पहिल्यांदा पाहिलं. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला, १९५४ मध्ये राज कपूर यांची निर्मिती असलेला 'बूट पॉलिश'. रस्त्यावर राबणाऱ्या पोराच्या कामाला दोन्हीकडे रतन कुमारच.

म्हणजे वास्तववाद आपल्याकडे इटलीतून आला?

असं सरसकट म्हटलं की कोल्हापूरकरांनी हरकत घ्यावी. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. दे सिका त्या वेळी इटलीत नाटकातच होता. बोलपटाच्या आधीचा हा मूळ चित्रपट आज उपलब्ध नाही, त्यामुळे तुलना कागदावरच करावी लागते. इटलीकडून आपण घेतला तो विषय नव्हे, ती पद्धत: खरे रस्ते, नवखे चेहरे, गाण्यावाचून चालणारी गोष्ट. 'फँड्री'त (२०१३) नागराज मंजुळेंनी गावातल्या सोमनाथ अवघडेला उभं केलं, तेव्हा पुन्हा तेच दिसलं की नवख्या मुलाकडून काम करून घ्यायला दिग्दर्शकात मुरलेला नट असावा लागतो. मंजुळे स्वतः त्यात आहेतच.

मुलांबरोबर पाहता येतील का?

'मिरॅकल इन मिलान' खुशाल. 'बायसिकल थीव्ज' दहा-बारा वर्षांच्या पुढे, पण नंतर बोलायला वेळ ठेवा, मुलं प्रश्न विचारतात. 'शूशाईन' आणि 'टू विमेन' मोठ्यांसाठी.

कुठून सुरुवात करू, आणि काय टाळू?

'बायसिकल थीव्ज', मग 'उम्बेर्तो डी.', मग 'शूशाईन'. इतकं रडून झालं की 'द गोल्ड ऑफ नेपल्स', त्यात पिझ्झा विकणारी लोरेनही भेटेल. 'द रूफ' (१९५६) कमी पाहिला जातो. पहाटेच्या आत छप्पर चढलं तर घर पाडत नाहीत, म्हणून एका रात्रीत खोली उभारणारं गरीब जोडपं आहे त्यात. मुंबईत हा चित्रपट कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. जेनिफर जोन्स आणि मॉन्टगोमेरी क्लिफ्ट यांना घेऊन रोमच्या स्थानकात केलेल्या 'टर्मिनल स्टेशन'ची (१९५३) दोन रूपं फिरतात. सेल्झनिकने कापून तासाभरावर आणलेलं 'इंडिस्क्रिशन ऑफ ॲन अमेरिकन वाईफ' सोडून द्या, दे सिकाचं लांब रूप मिळालं तरच बसा.